नांदेतला मजनू

धोंडबा पौनीकर आयुष्यात फार थोड्या वेळा खरं बोलला, आणि नेमका त्याच वेळी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. नागपूरच्या टांडापेठेत त्याचा खड्डामाग होता. म्हणजे माणूस कमरेपर्यंत जमिनीत आणि उरलेला बाहेर. पाय विणायचे, हात विणायचे, पण सगळ्यात जास्त विणायचं ते तोंड. एकदा म्हणे त्यानं इतवारीतल्या एका सेठाणीसाठी असं तलम पातळ विणलं, की तिनं ते धुऊन दोरीवर टाकलं आणि संध्याकाळी काढायला गेली तर दिसेना. चाचपून चाचपून शोधलं बिचारीनं.

"मंग नेसली कशी?" असं कोणी विचारलंच, तर धोंडबा डोळा न मिचकावता सांगे, "नेसली नं. पण मंग घराबाहेर नाई निंघाली."

तर आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. होळी तोंडावर आली होती. धोंडबा कामठीच्या छावणीत एका मेजरसाहेबाच्या बाईंना पातळं दाखवायला गेला. बाईंनी पातळं पाहिली, नाक मुरडलं, आणि "साहेबांना विचारते" म्हणून ज्या आत गेल्या त्या गेल्याच. साहेब परगावी होते, हे धोंडबाला नंतर कळलं. बसून बसून कंटाळला तेव्हा तो बंगल्याच्या मागं फिरला, आणि तिथं हौदाच्या काठाला त्याला ते झाड दिसलं.

झाडं वर जातात एवढं धोंडबाला ठाऊक होतं. हे खाली येत होतं. बुंध्यापासून वर चढून, वर काही मन रमलं नाही म्हणून परत फिरल्यासारखं. लांबच लांब डहाळ्या, धुऊन विंचरून सोडलेल्या सुतासारख्या, पार पाण्याला टेकलेल्या. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या आणि एकही दुसरीत गुंतायची नाही. धोंडबानं डोक्यावरची टोपी काढली. देवळात तो टोपी काढत नसे.

"हा तं ताणा हाये," तो पुटपुटला. मागावर जे उभे धागे लावतात त्याला ताणा म्हणतात, आणि तो न गुंतता लावण्यात धोंडबाचं अर्धं आयुष्य आणि पाऊण दृष्टी गेली होती. "देवाच्या घरचा ताणा. गाठ नाही, गुंता नाही."

हौदाच्या कठड्यावर बंगल्याचा माळी गुलाबचंद बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "मजनू है ये, चाचा. साहब कश्मीर से लाये. लैला के गम में बाल खुले छोडके बैठा है."

"नागपुरात होईन का हा?"

"नागपुर में तो आदमी नहीं टिकता मई में, मजनू क्या टिकेगा! पर जिद्दी है. डंडी तोडो, पानी में रखो, जड़ पकड़ लेता." त्यानं बोटाएवढी जाड, वीतभर लांब काडी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. "गमला बड़ा लेना. और नीचे छेद रखना, नहीं तो सड़ जायेगा. दिल जला है ना इसका, पानी बहुत पीता है. पर पानी में बैठना नहीं मांगता."

यातलं पाणी पितो एवढंच धोंडबाच्या कानात शिरलं. छेदाची गोष्ट कामठीच्या बसच्या टपावरून वाऱ्यानं उडून गेली.

टांडापेठेत उतरला तर ओट्यावर जागेश्वर हेडाऊ बसलेला. जागेश्वर हा धोंडबाचा शेजारी, बालमित्र आणि वैरी. तिन्ही कामं तो एकाच वेळी नीट करी. त्यानं हातमाग मोडीत काढून घरात पावरलूम बसवले होते, त्यामुळे त्याच्या घरातली माणसं ओरडून बोलत आणि कपबशा आपोआप फळीवरून चालत. जागेश्वरला मिशी होती. नुसती मिशी म्हणणं बरं नाही. तो मिशीला तूप लावी आणि पोळीला तेल.

"का गा धोंडबा, काडी कायले सांभाळून राहिला? दात कोराची हाये का?"

"काडी नोहे. झाड हाये."

"असं? मंग माह्या कानातली काडी वड असन."

"हास लेका. हे झाड मी वट्यावर लावतो, नांदेत. असं वाढते हे, का याच्या सावलीत खाट टाकून चार माणसं बसतीन, न डहाळ्या वरून खाली येऊन त्याहिच्या खांद्यावर हात ठेवतीन. कानोबाच्या दिवशी, गोकुळाष्टमीले ये. दाखोतो."

"न नाई झालं तं?"

इथं धोंडबानं गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसायची सवय नसलेल्या माणसाला ती ऐन वेळी कुठून लागणार?

"नाई झालं तं या वर्षी माहा बडग्या काढ."

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. मारबत म्हणजे मोठ्या थोरल्या राक्षसिणीचा पुतळा, आणि तिच्यामागं बांबू-कागदाचे, जुन्यापान्या कपड्यांचे बडगे. गावाला वर्षभर ज्यानं छळलं त्याचा बडग्या करायचा, गल्लोगल्ली मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून बोंब मारायची आणि शेवटी जाळायचा. टांडापेठेचा बडग्या दरसाल जागेश्वर करी. महागाईचा केला होता, रॉकेलचा केला होता, न येणाऱ्या नळाचा केला होता. जित्या, हाडामांसाच्या, शेजारच्या माणसाचा अजून केला नव्हता. जागेश्वरच्या मिशीची दोन्ही टोकं हळूहळू वर चढली.

"लिहून घेऊ का?"

"पौनीकराचा शब्द हाये."

"म्हून तं विचारून राहिलो."

घरात रुख्माबाईनं सगळं ऐकलं होतं. ती भाकर थापत होती. थापण्याचा आवाज मोठा झाला यावरून धोंडबाला समजलं.

"लोकं माह्या जित्या नवऱ्याले जाळून राहिले, न मी वट्यावरून पाहू?" ती म्हणाली. "बडग्या निघाला तं मी उमरेडले चालली, भावाकडं. न मंग वापस नाई येत."

"अवं, निंघतेच कायले?"

"तुमच्या तोंडातून निंघते ते सगळंच निंघते. मी सांगून ठेवलं."

आता ही पोकळ धमकी म्हणावी, तर रुख्माबाई पोकळ बोलणारी नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती एकदा म्हणाली होती, तुमी असेच फेकत राहिले तर मी तुमच्या बोलण्याले मान नाई हालवणार. तेव्हापासून एकदाही तिची मान हलली नव्हती. धोंडबा त्या दिवशी पहिल्यांदा मनातून घाबरला. बडग्याचं त्यानं निभावून नेलं असतं. पण रुख्माबाई नसलेल्या घरात थापा मारायच्या तरी कुणापुढं?

काडीनं पाण्याच्या बाटलीत पांढरी मुळं सोडली, कच्च्या सुतासारखी. मग नांद, म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं, निघाली. ही नांद धोंडबाच्या बापाची, सूत रंगवायची. तिच्यात लाल, जांभळा, मेंदी असे सगळे रंग मुरून मुरून तिचा मूळ रंग देवालाही आठवत नसेल. शेजारच्या कोणी म्हटलं, पेंद्याला भोक पाड. धोंडबा चिडला. "बापाच्या नांदेले भोक पाडू? तुह्या बापाले पाड." माती भरली, मजनू लावला आणि ओट्यावर ठेवला.

झाड प्यायचं. म्हणजे किती प्यायचं! दुपारी नांदेला कान लावला तर आत गटागट ऐकू येई. नळाला दोरीएवढं पाणी यायचं. त्यातलं पहिलं मजनूला, मग देवाला, मग चहाला. वैशाखात ऊन असं पडलं की जागेश्वरच्या ओट्यावर ठेवलेली कोंबडीची कच्ची अंडी पिलं न होता थेट उकडून निघाली. धोंडबानं घरातली वाळ्याची ताटी काढली आणि झाडाभोवती उभी करून तिच्यावर पाणी मारत बसला. आत रुख्माबाई पदरानं वारा घेत होती.

"त्याले थंडावा, न मले?"

"तू मानूस हायेस वं. तुले सोसते."

"मानूस हावो का? आज समजलं."

आणि ज्येष्ठात ते झालं, ज्याच्यावर टांडापेठेनं शेवटपर्यंत विश्वास ठेवला, कारण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. नांदेत मुरलेला रंग झाड वर ओढायला लागलं होतं. नवी पानं आली ती किनारीची. हिरवं पान, दोन्ही कडांना बारीक लाल रेघ, जशी नागपुरी धोतराला असते. कुठल्या कुठल्या पेठांतून कोष्टी बघायला आले. एका म्हाताऱ्यानं पान बोटात धरून उजेडाकडं केलं आणि म्हणाला, "किनार पक्की हाये. पण इकडल्या बाजूनं एक धागा चुकला." धोंडबानं त्याला चहा पाजला.

आषाढात झाड धोंडबाच्या डोक्यावर गेलं, मग दाराच्या चौकटीवर, मग छपराच्या कवेलूंना डोकं लावून तिथून खाली वळलं. डहाळ्या सुटल्या. जागेश्वर रोज सकाळी येऊन मिशीवरून हात फिरवत मोजून जाई. त्यानं बांबू आणून ठेवले होते. ते त्यानं ताडपत्रीखाली सरकवले. रुख्माबाईसुद्धा एकदा येता जाता एक डहाळी कानामागं सारावी तशी बाजूला सारून गेली. धोंडबाला वाटलं, जिंकलो.

मग श्रावण आला आणि पाऊस रुसला. वरून ऊन, आणि खाली बिनभोकाच्या नांदेत साचलेलं पाणी. गुलाबचंद म्हणाला होता तसं मजनूला पाण्यात बसणं मानवेना. मातीला आंबूस वास सुटला. पानं मुडपली. डहाळ्या एकमेकींत अडकल्या, चिकटल्या, आणि सगळं झाड न्हाऊन न पुसलेल्या बाईच्या केसांसारखं दिसायला लागलं. कानोबाच्या सकाळी धोंडबा उठून बाहेर आला, आणि पाहतच राहिला. दुपारी जागेश्वर येणार होता. पंच घेऊन.

दुसरा कोणी असता तर त्यानं कामठीला जाऊन माळ्याला विचारलं असतं. किंवा निदान नांदेतलं पाणी उपसलं असतं. पण धोंडबानं त्या झाडाकडं कधी झाड म्हणून पाहिलंच नव्हतं. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि पन्नास वर्षं सूत हाताळलेल्या नजरेनं त्यानं निदान केलं.

"ताण्याले खळ नाई," तो म्हणाला.

सूत मागावर चढवायच्या आधी कोष्टी त्याला तांदळाची खळ पाजतात. गल्लीत ताणा लांब ताणून धरायचा, पातळ पेज कुंच्यानं त्याच्यावरून ओढायची, तेलाचा हात द्यायचा. धागा सुटा होतो, सरळ होतो, चमकतो. गुंतलेलं सूत खळीनं सरळ होतं, तर गुंतलेलं झाड का होऊ नये? धोंडबाला यात काही चूक दिसेना. खरं म्हणजे टांडापेठेत त्या सकाळी कोणालाच दिसली नसती.

घरात कानोबाच्या प्रसादाला काढलेले तांदूळ होते. रुख्माबाई नळावर गेली होती. धोंडबानं ते सगळे शिजवून घोटले, गाळले, त्यात तिळाचं तेल सोडलं, आणि बापाचा कुंचा घेऊन स्टुलावर चढला. एकेक डहाळी दोन बोटांत धरून वरून खाली, वरून खाली. तोंडानं तो तेच गुणगुणत होता जे ताण्यासमोर गुणगुणे. आणि काय सांगावं, झाड उठून दिसायला लागलं! एकेक डहाळी सुटी झाली, ओळंब्यासारखी सरळ लोंबली, पान न पान चकाकलं. लाल किनार तर अशी उठून आली, जशी लग्नातल्या धोतराची.

रुख्माबाई पाण्यानं भरलेला गुंड कमरेवर घेऊन परत आली. तिनं झाड पाहिलं. मग चुलीवरचं रिकामं पातेलं पाहिलं.

"तांदूळ?"

"देवाच्याच कामी लागले."

"कोन्या देवाच्या?"

एवढ्यात जागेश्वर आला. सोबत पंच म्हणून पानठेलेवाला, भजनातला पेटीवाला, आणि एक जण, जो फक्त चहा मिळेल म्हणून आला होता. चौघांनी झाड पाहिलं. खाट टाकली. चौघं बसले. वाऱ्याची झुळूक आली आणि डहाळ्या खाली झुकून, अगदी शब्द दिल्याप्रमाणं, चौघांच्या खांद्यांवर, डोक्यांवर, आणि जागेश्वरच्या मिशीवर हात ठेवत्या झाल्या.

"धोंडबा," जागेश्वर जड आवाजात म्हणाला, "मानलं गा तुले."

"अजून बोल."

"मानलं म्हटलं नं. हारलो मी. हे झाड म्हणजे..." आणि तो भाषणाला लागला. लहानपणापासूनची मैत्री, टांडापेठेचं नाव, सगळं आलं. जागेश्वर बोलायला लागला की लवकर थांबत नसे. तेवढ्यात ढग सरकले आणि श्रावणातलं ते टोचणारं ऊन सरळ ओट्यावर उतरलं. खळ उन्हात काय करते हे कोष्ट्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. भाषण मैत्रीवरून गांधीबाबाच्या खादीपर्यंत येईतो झाड कडक झालं. कडकड असा बारीक आवाज आला. जागेश्वरनं मान हलवायला पाहिली. हलली नाही.

"हे काय झालं बे?"

पानठेलेवाल्याचे केस, पेटीवाल्याचा सदरा, चहासाठी आलेल्याचा कान, आणि जागेश्वरची तूप लावलेली मिशी, सगळं डहाळ्यांना असं चिकटलं होतं की चौघं झाडाचाच भाग वाटत होते. पेटीवाला उठायला गेला तर त्याच्यासोबत झाड उठलं, झाडासोबत जागेश्वरची मिशी, आणि मिशीसोबत जागेश्वर. "बस! बस रे भैताडा!" जागेश्वर किंचाळला. चौघं पुन्हा बसले. बायका जमल्या. कोणी म्हणालं पाणी टाका, कोणी म्हणालं कात्री आणा. "झाडाले कात्री लागली तं पाह्यजा!" धोंडबा आडवा आला.

आणि मग रंभाबाईची बकरी आली. रंभाबाई समोरच्या घरातली. तिची बकरी सगळ्या गल्लीत वर्गणीशिवाय जेवायची. तिला गरम तांदळाचा आणि तिळाच्या तेलाचा वास लागला. ती पुढचे दोन पाय खाटेवर टेकवून उभी राहिली आणि अत्यंत शांतपणे, एका टोकापासून, खळ लावलेला मजनू खायला लागली. पानठेलेवाला सुटला. पेटीवाला सुटला. चहासाठी आलेल्याचा कान चाटून सुटला. जागेश्वर "हाकला तिले, हाकला!" ओरडत होता, पण हाकललं तर तो सुटणार कसा, हा प्रश्न होता. बकरीनं त्याच्या बाजूची शेवटची डहाळी तोंडात घेतली, आणि डहाळीबरोबर डाव्या बाजूची मिशी.

रंभाबाई धावत आली. "माय वं! काय चारलं हो माह्या बकरीले? केस!"

पुढले दोन दिवस त्या बकरीचं दूध असं घट्ट उतरलं की त्याच्या वड्या पडल्या; पण तो भाग रंभाबाईच सांगे, तेव्हा तो आपण सोडून देऊ.

नांदेत उरला एक दांडा. ओला, चाटून चकचकीत केलेला.

"चार मानसं बसली," धोंडबा म्हणाला. "डहाळ्या खांद्याले लागल्या. पैज मी जिकलो."

जागेश्वरनं ओठाच्या डाव्या बाजूवर हात ठेवला होता. तो हाताआडून म्हणाला, "झाड कुठी हाये?"

"होतं नं!"

"होतं ते जाऊ दे. दाखव. खांद्याले लागलं म्हंते! खांद्याले लागलं नाई, चिकटलं!"

पंचांनी निकाल द्यायला मुळीच वेळ लावला नाही. तिघांचेही केस अजून चिकट होते. बडग्या निघणार.

चार-पाच दिवसांत त्या दांड्याला टाचणीच्या डोक्याएवढे कोंब फुटले. बकरीनं केली ती छाटणीच होती म्हणायची, आणि रुख्माबाईनं रागाच्या भरात नांदेला लाथ मारली तेव्हा पेंद्याला चीर जाऊन साचलेलं पाणी निघून गेलं होतं. धोंडबानं जागेश्वरला हात धरून आणलं. जागेश्वरनं वाकून पाहिलं. "कोंबाच्या सावलीत मुंगी बसव," तो म्हणाला आणि ताडपत्रीखालचे बांबू काढायला गेला.

रुख्माबाईनं गाठोडं बांधलं. त्यात दोन लुगडी, फणी आणि बापाकडून आलेली पितळी वाटी. धोंडबानं तिला समजावलं, मग विनवलं, मग एकदम खरं बोलला, "तू गेली तं मी काय करू वं?" ती म्हणाली, "झाडाले पानी घाला." आणि दाराकडं पाठ करून बसली. मारबतीच्या सकाळची पहिलीच गाडी धरायची तिनं ठरवलं होतं.

पण मारबतीच्या सकाळी नागपुरात कोणाला गाडी सापडली आहे? ती बाहेर आली तोवर गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी गच्च भरली होती. ढोल सुरू होते. गाठोडं काखेत घेऊन ती ओट्यावर अडकली, आणि तिच्यासमोर तो आला.

जागेश्वरनं मनापासून काम केलं होतं. बांबूचा सांगाडा, धोंडबासारखीच पुढं आलेली हनुवटी, तोंड मात्र दोन वीत रुंद आणि उघडं. हातात कागदाची नांद, नांदेत हिरव्या सुताचं झाड. गळ्यात पाटी. गल्ली हसून हसून लोळत होती. जागेश्वर अर्ध्या मिशीनं पुढं उभा राहून आरोळी देत होता, "थापाड्याले..." आणि गल्ली, "घेऊन जा गे मारबत!"

धोंडबा दारामागं लपला होता. त्यानं फटीतून स्वतःला पाहिलं. हनुवटीला त्याची हरकत नव्हती. तोंडालाही नव्हती. पण त्याची नजर खाली गेली, आणि तो दार ढकलून थेट गर्दीत घुसला.

"कोनाचं धोतर हाये हे?"

"तुह्यं," जागेश्वर म्हणाला. "बडग्या तुहाच हाये."

"माह्यं?" धोंडबानं बडग्याच्या धोतराचा सोगा धरून सगळ्या गल्लीला दाखवला. "पावरलूमचं धोतर! पहा बे पहा! धोंडबा पौनीकर मेला तरी पावरलूमचं नेसन का? काहून गा जाग्या, माहा बडग्या काढतं का कोन्या सोम्यागोम्याचा?"

"अबे, जाळाचंच हाये नं!"

"जाळाचं हाये म्हून काय झालं? पौनीकराले जाळाचं तं हातमागाच्या धोतरात जाळ!"

गर्दीतले जुने कोष्टी माना डोलवायला लागले. म्हणणं खोटं नव्हतं. आणि टांडापेठेच्या भर गल्लीत, ढोल वाजत असताना, धोंडबानं स्वतःचं लाल किनारीचं धोतर सोडलं, बडग्याला व्यवस्थित काष्टा घालून नेसवलं, आणि बडग्याचं पावरलूमचं धोतर आपल्या कमरेला गुंडाळलं. मधल्या वेळात काय दिसलं ते बायकांनी पाहिलं नाही असं सगळ्या बायका सांगतात.

मग तो सुताच्या झाडाकडं वळला. "हेबी गुतवून ठेवलं. याले सोडव. एकेक धागा सुटा पायजे." जागेश्वर वैतागला. "ज्याचा बडग्या त्यानंच सजवाचा, तं आमी कायले हावो?" पण धोंडबा ऐकतो कुठला! सूत विंचरून झालं, तसा तोच बडग्यापुढं उभा राहिला आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "थापाड्याले..."

गल्ली क्षणभर गोंधळली. मग दुप्पट जोरानं, "घेऊन जा गे मारबत!"

ओट्यावर रुख्माबाईचा जीव वरखाली होत होता. लाजेनं नव्हे. तिला त्या आरोळीत काही दम वाटेना. थापाडा, थापाडा, एवढंच? इतक्या वर्षांचा संसार आणि लोकांना एवढंच ठाऊक? तिनं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि आवाज लावला.

"देवाच्या तांदळाची खळ करनाऱ्याले..."

ढोलवाल्याचा हात थांबला. मग गल्ली कोसळली, "घेऊन जा गे मारबत!"

"माह्या मायच्या तेरवीत हासनाऱ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!"

"माह्या बापानं देल्ली हातघडी हारपवून, चोरानं नेली सांगनाऱ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!"

"अवं, ते कवा समजलं तुले?" धोंडबा गर्दीतून ओरडला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती ओट्यावरून उतरली होती. लोकांनी वाट केली. जागेश्वर आपोआप मागं सरकला आणि पुढची जागा तिला मिळाली. लग्नाच्या दिवशी उशिरा आला त्याबद्दल. पहिल्या बाळंतपणात नाटक पाहायला गेला त्याबद्दल. झोपेत घोरतो आणि सकाळी तिलाच नाव ठेवतो त्याबद्दल. एकदा शेजारणीच्या भाजीची तारीफ केली आणि घरच्या भाजीला मीठ घेतलं त्याबद्दल. मिरवणूक गोळीबार चौकात आली तेव्हा तर दुसऱ्या पेठांचे लोक आपापले बडगे सोडून हिच्यामागं आले. कोणी विचारी, ही कोन? कोणी सांगे, बडग्याची बायको. आणि तो नाचून राहिला तो? तोच बडग्या.

गाव संपलं तिथं बडगे पेटले. हातमागाचं धोतर सावकाश, नीट जळलं, आणि सुताचं झाड एकदम भक्कन. जागेश्वरनं हात जोडले. सवयीनं मिशीवर फिरवायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. रुख्माबाईचा घसा बसला होता. चेहरा मात्र असा निवळला होता, जसा धोंडबानं मांडवाखाली पाहिला होता तेव्हापासून पुन्हा पाहिला नव्हता.

लोक पांगले. दोघं घराकडं चालायला लागली. ती पुढं, गाठोडं काखेत, आणि तो मागं, पावरलूमचं धोतर धरून, कारण ते सारखं सुटत होतं. बस थांबे त्या फाट्यापाशी आल्यावर धोंडबा रेंगाळला.

"उमरेडची गाडी इथूनच जाते," तो हळूच म्हणाला.

रुख्माबाई थांबलीसुद्धा नाही.

"आता कायले जाऊ?" ती बसलेल्या घशानं म्हणाली. "तुमाले तं जाळून आली मी."